फिरती ढाल, मुक्काम पोस्ट रोहा

इतिहास जरूर लिहावा, पण त्याला कुणाकडे दुजोरा मागायला जाऊ नये, हे शहाणपण सुजय घरत यांना जरा उशिरा आलं. ते आलं तेव्हा पत्र जाऊन पोचलेलं होतं.

घरत सर राहायला पेणला आणि नोकरीला रोह्याला. अंबा-कुंडलिका महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवत आणि शिवाय कॉलेजच्या क्विझ टीमचे प्रमुख होते. हे पद बिनपगारी होतं, पण मानाचं होतं, असं निदान सरांना तरी वाटायचं. टीमला यंदा पंचवीस वर्षं होत होती. प्राचार्या दळवी मॅडम म्हणाल्या, "सर, वार्षिकांकासाठी टीमचा इतिहास लिहा. चार पानं. पाचव्यावर जाहिरात आहे."

चार पानं म्हणजे रविवारचं काम. सर रविवारी बसले आणि बसल्यावर अडचण लक्षात आली. टीमचा इतिहास हा मुख्यतः हरण्याचा इतिहास होता. एका वर्षी पहिल्याच फेरीत बाद. एका वर्षी नागोठण्याला एस.टी. बंद पडली, म्हणून फेरी सुरू व्हायच्या आधीच बाद. आणि एका वर्षी तर टीम वेळेवर, कडक इस्त्रीत, पूर्ण तयारीनिशी पोचली होती. फक्त स्पर्धा आदल्या दिवशी होऊन गेली होती. हे सगळं चार पानांत मावलं असतं, पण कौतुक म्हणून वाचावं असं त्यात काही नव्हतं.

एक वर्ष मात्र सोन्याचं होतं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मुंबईच्या चकचकीत कॉलेजांना मागे टाकून रोह्याने विद्यापीठाची अंतिम फेरी जिंकली होती. त्या टीममध्ये तिघं होते: स्वतः सुजय, आता धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा अक्षय, आणि अष्टमीचा निसीम अष्टमकर. अष्टमी म्हणजे रोह्याचा पूल ओलांडला की पलीकडे. तिथे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची एकेकाळी बरीच घरं होती. आता निसीमचं तेवढं उरलं होतं, आणि तेही उन्हाळ्यात इस्रायलला जायचं नक्की झालं होतं. त्याची मुलगी शीरा यंदाच्या टीमची कॅप्टन होती. जायच्या आधी तिला एकच स्पर्धा खेळायची होती, विद्यापीठाची. पहाटे उठून ती वाचत बसायची.

सर लिहायला बसल्याचं शेजारच्या दाजींना कळलं. दाजी एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते, पण कंट्रोल सुटला नव्हता.

"इतिहास हाय ना? मग सुरुवात महाराजांपासून कर," दाजी म्हणाले.

"दाजी, क्विझ टीमचा इतिहास आहे."

"मग? महाराज काय कुणाला प्रश्न विचारत नव्हते?"

महाराजांचं जमेना, तेव्हा दाजींनी दुसरा सल्ला दिला. "जिंकलात म्हणतोस ते विद्यापीठाकडनं लिहून घे. इतिहासाला शिक्का पायजे. नायतर लोक म्हणतील, मास्तर थापा मारतो."

हा सल्ला सरांना पटला. दाजींचा सल्ला पटण्याची ती पहिलीच वेळ असल्यामुळे तरी त्यांनी सावध व्हायला हवं होतं. सरांच्या पत्नी वैशाली बँकेत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"सुजय, कशाला विचारतोस? आपल्याला कुणी विसरलेलं असलं, तर आपण जाऊन आठवण करून द्यायची नसते. मी रोज काउंटरवर बसते, मला माहितीय."

सरांनी तरीही पत्र पाठवलं. भाषा इतकी सुरेख साधली होती की त्यांनी ते वैशालीबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

उत्तर आलं. विजयाला दुजोरा होता. त्याच्या खाली असंही होतं की, सदर विजयाबद्दल आपल्या महाविद्यालयास फिरती ढाल प्रदान करण्यात आली होती. ती पुढील वर्षी परत करणे बंधनकारक होते. ती अद्याप अप्राप्त आहे. यंदाच्या स्पर्धेपूर्वी जमा न झाल्यास आपल्या संघास सहभागी होता येणार नाही. सही, तांडेल, कक्ष अधिकारी. प्रत, प्राचार्यांना.

स्पर्धेला पंधरवडाही उरला नव्हता.

"सर," दळवी मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, आणि हळू आवाज हा त्यांचा सगळ्यात वाईट आवाज होता, "मी तुम्हाला चार पानं लिहायला सांगितली होती."

सरांना ढाल आठवत होती. जड, सागवानी फळीवर चंदेरी पत्रा, वर पुस्तकावर बसलेलं घुबड. विद्यापीठातल्या कुणा इंग्रजीच्या प्राध्यापकाला घुबड हे विद्येचं प्रतीक वाटलं होतं. ती टेम्पोत ठेवून रोह्यात मिरवणूक काढली होती, ताशा लावला होता. त्यानंतर ढाल कुठे गेली, ते मात्र आठवेना. त्यांनी अक्षयला फोन लावला.

"मी निसीमला दिली," अक्षय म्हणाला. मागे मशीन घरघरत होतं. "व्हय रे, नक्की."

निसीम म्हणाला, "माझ्याकडं नाय. तू घेऊन गेलास ना पेणला?"

"मी?"

"मग कोण? पेणला तूच राहतोस."

सरांनी माळा उपसला. झाकण नसलेले दोन कुकर निघाले, कुकर नसलेलं एक झाकण निघालं आणि वैशालीबाईंनी हरवली म्हणून शोक केलेली पुरणयंत्राची जाळी निघाली. ढाल नाही. दाजी बॅटरी घेऊन मदतीला आले, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं की घरत मास्तरांनी विद्यापीठाची चांदीची ढाल ढापली. ती चांदीची नव्हती, पत्र्याची होती, असं सर ज्याला त्याला सांगू लागले. म्हणजे ढापली हे कबूलच झालं.

मग ते अष्टमीला गेले. निसीमच्या घरात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. सरांनी पत्र दाखवलं. शीराने ते उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"सर, मग मी सकाळचं वाचतेय ते थांबवू का?"

"अजिबात नको," सर म्हणाले. आवाज ठाम होता. तो कुठून आला, हे परतीच्या एस.टी.त बसल्यावरही त्यांना उमगलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. वैशालीबाईंनी आग्रह केला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते त्यांना कळलं.

ढाल सापडली ती दाजींच्या मोबाइलमध्ये. माघी गणपती जवळ आले होते. दाजी दरवर्षी माघातही गणपती बसवायचे. मागच्या वर्षीची आरास किती भारी होती हे पटवून द्यायला त्यांनी फोटो पुढे केला. सर "वा, वा" म्हणणार होते, तेवढ्यात त्यांची नजर मूर्तीच्या मागच्या प्रभावळीवर गेली. चंदेरी, नक्षीची. आणि अगदी वर, बाप्पाच्या मुकुटाच्या मागे, एक पक्षी पुस्तकावर बसला होता.

"दाजी, हे काय आहे?"

"गरुड."

"दाजी, हे घुबड आहे."

"काय बोलतोस! देवाच्या मागं घुबड असंल काय? गरुड हाय. जरा गुबगुबीत हाय, एवढंच."

सरांनी फोटो मोठा केला. बाप्पाच्या डाव्या कानामागे, रंगाखाली बुजलेली, पण वाचता येतील अशी अक्षरं होती: "आंतरमहावि". पुढची कानाआड गेली होती.

मूर्ती पुतळीबाईंच्या कारखान्यातली होती. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली, पण पुतळीबाईंचा जुना. सर चपला उलट्यासुलट्या घालून तिथे पोचले तेव्हा त्या एका बाप्पाचे डोळे रेखत होत्या. डोळा पुरा होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. सर घामाघूम होऊन उभे राहिले.

"व्हय, होती अशी एक ढाल," त्या ब्रश पुसत म्हणाल्या. "रोह्याचा एक पोरगा टाकून गेला होता. मिरवणुकीत पोचा आला होता म्हणं, काढून द्या. सासऱ्यांनी काढला. पोरगा काय परत आला नाय. नक्षी चांगली होती, म्हणून सासऱ्यांनी साचा काढून ठेवला. त्याची प्रभावळ लोकांना लय आवडते."

"आणि ढाल?"

"ती पुरात गेली. फळी फुगली, पत्रा गंजला. साचा वर टांगलेला होता, म्हणून वाचला." मग त्यांनी सरांकडे नीट बघितलं. "तुमचा माणूस आला नाय, त्याला मी काय करू? आम्ही किती वर्ष सांभाळायची?"

सरांनी तिथूनच अक्षयला फोन लावला. "अरे हां!" अक्षय आनंदाने ओरडला. "पोचा! पोचा काढायला टाकली होती मी! बघ, आठवलं की नाय?"

सरांनी फोन बंद केला. या माणसाने एकेकाळी आफ्रिकेतल्या सगळ्या राजधान्या पाठ म्हणून दाखवल्या होत्या.

साचा होता, म्हणजे ढाल पुन्हा काढता येत होती, निदान प्लास्टरची. पुतळीबाईंनी "शाडूची हवी असेल तर पर्यावरणाला चांगली" असंही सुचवलं. दाजींचं मत पडलं की गुपचूप देऊन टाकावी. सरकारी ठिकाणी वस्तू मोजतात, चावून बघत नाहीत. वैशालीबाई म्हणाल्या, "नक्कल आहे असं सांगून दे." सर म्हणाले, "बघू तिथे गेल्यावर." म्हणजे त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, आणि तेच त्यांना छळत होतं. खरं सांगावं तर शीराची स्पर्धा जाते. खोटं बोलावं तर वर्गात शिकवायला तोंड राहत नाही. त्यात थंडीने प्लास्टर सुकेना. सर रोज सकाळी कारखान्यात जाऊन ढालीला बोट लावून यायचे, शेवटी पुतळीबाईंनी त्यांना आत यायला बंदी केली. रंगाचा शेवटचा हात स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी लागला.

सकाळी रोह्याहून सुटलेल्या गाडीत शीरा, टीममधली प्रणिता आणि तिसरा भिडू पुढे बसून आले होते. पेणला सर चढले. मांडीवर सुती धोतरात गुंडाळलेली ढाल.

"सर, खालून धरा," प्रणिताने लगेच सांगितलं. ती मूळची पेणची होती.

"मला शिकवू नकोस," सर म्हणाले आणि खालून धरली.

पुढे जिते गाव आलं. एक म्हातारी चढली. तिने धोतरातला आकार बघितला, महिना आठवला आणि हात जोडले. "बाप्पा चाललं वाटतं! उठ गो, जागा दे," तिने एका मुलीला उठवलं, आणि सरांभोवती ऐसपैस जागा झाली. सर "अहो, हे..." म्हणाले, पण तोवर म्हातारीने पिशवीतून झेंडूचं फूल काढून धोतराच्या घडीत खोचलं होतं. घुबडाच्या डोक्यावर वाहिलेलं ते फूल घेऊन सर पनवेलपर्यंत कपाळाचा घाम पुसत बसले. समोर शीरा डोळे मिटून ओठ हलवत काहीतरी आठवत होती.

तांडेल मॅडम विद्यापीठाच्या हॉलशेजारच्या खोलीत होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या. टीम दारात थांबली. नावनोंदणी बंद व्हायला थोडाच वेळ होता.

"ढाल टेबलावर ठेवा."

सरांनी धोतर सोडलं. रंग पुरता वाळला नव्हता, त्यामुळे धोतराचे चार धागे आणि झेंडूची एक पाकळी घुबडाच्या पोटाला चिकटून आली. मॅडमनी ती पाकळी उचलून बाजूला ठेवली.

"ही मीच दिली होती तुम्हाला," मग त्या म्हणाल्या. "तेव्हा मी या कक्षात नवीन क्लार्क होते. उचलायला शिपायाला हाक मारावी लागली होती." त्यांनी ढाल एका हाताने उचलली. "बरीच बारीक झाली हो, सर."

सरांचं सगळं 'बघू तिथे गेल्यावर' संपलं होतं. त्यांनी एका दमात सांगून टाकलं: टेम्पो, पोचा, अक्षय, पूर, साचा, पुतळीबाई, दाजी, गरुड. बोलता बोलता आपण काय काय सांगतोय हे त्यांच्याच कानांना ऐकू येत होतं, पण थांबता येईना.

"म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं आमचं घुबड लोकांच्या घरी पूजेला बसतंय?"

"हो."

"आणि विसर्जनही होतंय?"

"दर वर्षी."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. सरांनी मागे वळून दाराकडे बघितलं. शीरा त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"सर, मी महिनाअखेर निवृत्त होतेय," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या विभागांच्या सह्या झाल्या माझ्या कागदांवर. भांडारवाले अडलेत. म्हणे, तुमच्या हातून गेलेली एक ढाल येणे आहे. मी म्हणत होते रोह्याला दिली. ते म्हणत होते, पुरावा काय? आणि एक दिवस तुमचं पत्र आलं. आम्ही जिंकलो होतो, कृपया दुजोरा द्यावा. मी खुर्चीवर बसल्या बसल्या हात जोडले तुम्हाला."

मॅडमनी टेबलावरची नोंदवही पुढे ओढली.

"खोटं लिहायची मला सवय नाही, आणि शेवटच्या महिन्यात ती लावून घेणार नाही." त्यांनी पेन उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "ढाल प्राप्त. नक्षी तीच. वजन कमी." मग खाली सही केली. "जा रे मुलांनो, नाव लावा. पण सर, ऐका. ती आज व्यासपीठावर जिंकणाऱ्याच्या हातात द्यावी लागेल, पाहुणे येणार आहेत. फोटो झाला की माझ्या कपाटात. फिरती ढाल आता फिरणार नाही. पण तोपर्यंत तुटली, तर ही ओळ मी खोडेन, आणि तुमची टीम बाद."

त्यानंतरचे तीन तास सरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. इतर प्रशिक्षकांना आपली टीम जिंकावी असं वाटत होतं ते नावासाठी. घरत सरांना वाटत होतं ते एवढ्यासाठी की हॉलमधल्या साऱ्या पोरांत प्लास्टरची वस्तू कशी धरतात हे पेण-रोह्याच्या पोरांखेरीज कुणाला ठाऊक असणार? मुंबईच्या एका टीमचा कॅप्टन तर व्यायामशाळेतून थेट आल्यासारखा होता. बझर दाबताना टेबल हलत होतं. त्याच्या प्रत्येक बरोबर उत्तराला सर खुर्चीच्या कडेवर आणखी पुढे सरकत होते.

आणि नेमके तो संघ आणि रोहा असे दोनच शेवटाला उरले. गुण समसमान. शेवटचा प्रश्न क्रिकेटचा आला. शीराचं बोट बझरवर होतं. सरांना ते बोट दिसत होतं, बाकी काही दिसत नव्हतं. त्या क्षणी त्यांना ढालही आठवली नाही. बोट दाबलं गेलं नाही. शीराला उत्तर येत नव्हतं, आणि येत नसलेलं उत्तर ठोकून द्यायची तिची रीत नव्हती. पलीकडे टेबल हललं.

एका गुणाने रोहा हरलं.

टाळ्या सुरू होत्या तोवर पाहुण्यांनी ढाल उचलून त्या दांडग्या पोराच्या हातात दिली सुद्धा. पोराने एका हाताने घुबडाची मान पकडली आणि ढाल डोक्यावर न्यायला लागला. सर खुर्चीतून उठले. तांडेल मॅडम विंगेत भिंतीला टेकल्या.

"ए! मान सोड! खालून धर!"

शीरा व्यासपीठावर पोचली होती. मागून प्रणिता, तिच्या मागून तिसरा. तिघांनी खालून तळवे लावले. दांडगा पोरगा गोंधळून म्हणाला, "अगं, जिंकलो आम्ही!"

"व्हय, जिंकलात. पण धर नीट. दोन्ही हात. श्वास घेऊ नको."

त्याचे दोघे भिडूही पुढे सरसावले, सहा जणांनी मिळून ती ढाल पेलली आणि फोटो निघाला. पाहुणे या खिलाडूवृत्तीने इतके हेलावले की त्यांचं भाषण लांबलं, आणि ते संपेपर्यंत कुणालाही हात काढता आला नाही. शेवटी मॅडमनी ढाल घेतली, खालून धरून, पाऊल बघून टाकत, आणि कपाटाच्या कुलपाचा आवाज सरांनी खोलीबाहेरून ऐकला.

परतीच्या गाडीत शीरा म्हणाली, "सर, मला येत नव्हतं उत्तर."

"मलाही येत नव्हतं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात फोटो आला. मथळा: रोह्याच्या कन्येने पटकावली ढाल. दाजींनी आळीत पेढे वाटले, पहिला पेढा सरांच्याच तोंडात घातला. सर "अहो, हरलो आपण" म्हणत होते, पण तोंडात पेढा असल्यामुळे ते कुणाला नीट कळलं नाही. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. दळवी मॅडमनी इतिहासाची चार पानं वाचली, त्यातला 'उपविजेते' हा शब्द लाल केला आणि म्हणाल्या, "सर, पेपरात आलंय. आपण कशाला वाद घालायचा?" सरांनी तीन दिवस वाद घातला. वार्षिकांकात पानभर फोटो आला, खाली 'विजयी संघ'. जाहिराती वाढल्यामुळे इतिहास जागेअभावी वगळण्यात आला.

मे महिन्यात सर फोटोची एक मोठी प्रत घेऊन अष्टमीला गेले. निसीमच्या घरात आता फक्त खोकी होती, आणि भिंतींवर जिथे तसबिरी होत्या तिथे फिके चौकोन. शीराने फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला. सहा जण, बारा हात, दांडग्या पोराचे डोळे विस्फारलेले.

"सर, मागं लिहून द्या ना."

"काय लिहू? शुभेच्छा?"

"नाय. उपविजेते."

सरांनी फोटो परत हातात घेतला. "तिकडे कोण वाचणार आहे मराठी?"

"मी वाचेन ना," शीरा म्हणाली.

सरांनी फोटो एका खोक्यावर पालथा ठेवला, खिशातलं पेन काढलं. "एका गुणाने, असंही लिहू?"

"लिहा."

त्यांनी सावकाश लिहिलं: रोहा. उपविजेते. एका गुणाने. निसीमने त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"अक्षर काय सुधारलं नाय रे तुझं," तो म्हणाला, आणि कुठल्या खोक्यात चहाची भांडी गेलीत ते शोधायला लागला.